हारासाठी बाबांचा फोटो

आमच्या डोंबिवलीच्या घरात हॉलच्या भिंतीवर आजोबांचा फोटो आहे. तो त्यांच्या मतदान ओळखपत्रावरून मोठा केलेला. मुळात चेहरा नखाएवढा, तो ताणून पाटाएवढा केला, त्यामुळे जवळ गेलं की आजोबा दिसत नाहीत, नुसते चौकोन दिसतात. बाबा रोज सकाळी त्यांना उदबत्ती ओवाळतात आणि रोज चिडतात. गणपतीत एका पाहुण्याने "हे कोण?" विचारलं आणि बाबांनी ठरवूनच टाकलं.

"माझा फोटो मी असतानाच करून घ्यायचा. नंतर तुम्ही आधार कार्डावरचा लावाल."

"सकाळी सकाळी काय अभद्र बोलता!" आई म्हणाली. पण बाबा हट्टाला पेटलेले. आपल्या फोटोखाली उभं राहून कोणी "हे कोण?" विचारू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये मी फोटो चिकटवते हे घरात माहीत असल्यामुळे काम माझ्याच गळ्यात पडलं.

अडचण अशी की बाबा फोटोत हसत नाहीत. कॅमेरा समोर आला की घरातला गॅस आत्ताच संपलाय असा चेहरा करतात. शोधून शोधून एकच हसरा फोटो सापडला, कळव्याला मावसभावाच्या हळदीतला. त्यात बाबा दात दाखवून मनापासून हसतायत, नजर बाजूला. आणि बाजूला आई, हात वर करून, डोळे मिटून, बँजोवर नाचतेय. तिला अर्थातच कापायचं होतं.

कापलं. पण तिचा एक हात, हिरव्या बांगड्यांसकट, बाबांच्या कानापाशी उरला. तो पुसायला गेले तर बाबांचा कानही गेला. मग दुसऱ्या बाजूचा कान उचलला, उलटा केला आणि तिथे बसवला. मोबाइलवर झकास दिसत होतं. स्टेशनजवळच्या स्टुडिओतून प्रिंट काढून आणली, तर बाबांचेही चौकोन! व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांकडून फिरत फिरत आलेला फोटो तो, वाटेतच त्याने जीव सोडला होता.

मग एका अ‍ॅपने त्याला 'एचडी' केलं. अ‍ॅपने सुरकुत्या घालवल्या, मिशी काळीभोर केली, ओठ गुलाबी केले. आईने लांबूनच बघितलं.

"हा कोण? वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू?"

शेवटी मावशीला फोन लावला, म्हटलं, मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे दर्जा कमी होत नाही.

"अगं, फोटोच आहे तो! डॉक्युमेंटं सगळी तुझ्या काकांच्या कपाटात असतात, किल्ली त्यांच्याकडे."

बराच वेळ डोकं फोडल्यावर फोटो आला. पुन्हा आईला कापलं, पुन्हा हात पुसला, पुन्हा कान बसवला. प्रिंट स्क्रीनपेक्षा काळपट येते हे एव्हाना कळलेलं, म्हणून उजेड थोडा वाढवला. या वेळी प्रिंट इतकी स्वच्छ आली की बाबांच्या मिशीत अडकलेली हळदसुद्धा दिसत होती. मी अभिमानाने ती बाबांसमोर धरली.

बाबांनी चष्मा पुसून घातला. "हळद बरोबर आहे. कान माझा नाही." मग फोटोतल्या कानापाशी बोट ठेवून म्हणाले, "आणि हिचा हात कुठे गेला?"

"बाबा, हा हारासाठीचा फोटो आहे ना. आई त्यात नाचतेय."

"मग मी हसतोय कोणाकडे बघून? मांडवाच्या खांबाकडे? लोक म्हणतील, शेवटी शेवटी डोक्यावर परिणाम झालेला." प्रिंट त्यांनी माझ्या हातात दिली. "हात परत आण. अख्खी हिलाच परत आण."

आई किचनमधून ताडकन बाहेर आली. "अहो, मला कशाला टांगताय? मी जिवंत असले तर?"

"मग हार माझ्याच बाजूला घाला."

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. ओले हात गाऊनला पुसत आईने माझा मोबाइल ओढून घेतला आणि मूळ फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसली.

"माझं पोट जरा आत घे," ती मला म्हणाली.