आरशातली टकटक

बाबा गिरणीत मागावर होते. तिथल्या कल्लोळात माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलायची आणि यंत्राचं दुखणं हाताने ओळखायची. मागावर तळवा टेकला की कुठे बिनसलंय ते बाबांना कळायचं. गिरणी बंद पडली, ते घाटकोपरला घरी बसले, पण कान तिथेच राहिले. आम्ही त्यांच्यासमोर उभं राहूनच बोलायचो. ते पाठमोरे असले तर खांद्याला हात लावायचा, हाक मारायची नाही. मात्र ‘बाबांना ऐकू येत नाही’ असं आमच्या घरात कुणी, कधीच म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी एक जुनी गाडी घेतली आणि आसपासच्या पोरांना शाळेत सोडायला लागले. शाळा पवईच्या चढावर. मी त्याच शाळेत बालवर्गाची बाई, त्यामुळे पुढची सीट माझी. मागे पोरं कोंबलेली.

दिवाळीनंतर इंजिन वाजायला लागलं. सपाट रस्त्यावर गप्प, चढ लागला की टकटकटक. इंजिन जाम होऊन गाडी चढावर थांबली आणि मागून खडीचा ट्रक आला तर? रोज तो चढ संपेपर्यंत मी देवाचं नाव घेत बसायची.

“बाबा, इंजिन वाजतंय. मेकॅनिकला दाखवू या,” मी समोर उभी राहून म्हटलं.

त्यांनी दारातच गाडी सुरू केली, बॉनेटवर तळवा टेकला आणि डोळे मिटले. “काय नाय गो बाय. हाताक काय लागणा नाय. इंजिन बरा आसा.”

उभ्या गाडीत ती टकटक नसायचीच, ती ओझं ओढताना यायची. माग काही चढ चढत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

आईनेही एकदा गाडीत तो आवाज ऐकला होता. मी विषय काढला तर तिने दार लोटून घेतलं. “गप बस. आवाज आहे म्हणालीस की लोक विचारतील, ह्यांना कसा आला नाही? बहिऱ्याच्या गाडीत कोण आपलं पोर बसवील? मग खायचं काय, माती?”

तिचं खरं होतं, म्हणूनच मला तिचा राग आला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये दुसऱ्यांची पोरं. शेवटी ठरवलं, रविवारी मीच मेकॅनिकला घरी घेऊन यायचं.

त्याआधीच एका सकाळी चढावर आवाज हातोडीसारखा झाला. मागच्या एका पोराला त्यात गंमत वाटली. तो तोंडाने “टकटकटक” करू लागला, मग सगळीच. बाबांनी आरशात पाहिलं आणि हसले. मी सीटची कड घट्ट धरली.

मग त्यांचं हसू थांबलं. ते ओठ वाचत होते. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल केला, पोरांची तोंडं मिटली. परत दाबला, सगळी तोंडं एकदम हलू लागली. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि चाकांमागे दगड लावले. मी पोरांना हात धरून चालत शाळेत नेलं. परत आले तर ते बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून उभे होते.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

गॅरेजमध्ये इंजिन उघडलं तेव्हा मेकॅनिक चिडलाच. “बेअरिंगची पार वाट लागलीय. अजून थोडी चालवली असती तर रॉड इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर आला असता. एवढं वाजत होतं, ऐकलं नाय काय?”

बाबा त्याच्या ओठांकडे बघत होते. “नाय,” ते म्हणाले. “माका ऐकाक येणा नाय.” निरोप मिळून आलेली आई माझ्या शेजारी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

इंजिन दुरुस्त होऊन आलं. त्यानंतर चढ लागला की बाबा माझ्याकडे बघायचे, मी मान हलवली की पुढे जायचे. मान हलवताना दर वेळी मनात यायचं, मी ऐकण्यात चुकले तर?

पुढे माझं लग्न बोरिवलीला ठरलं आणि बाबांनी गाडी विकायला काढली. आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “चांगली चालतेय की. का विकताय?”

“आता ऐकतलो कोण?” बाबा म्हणाले.