मुडद्यांची मालिका आणि खालाचं गुसल

ज्यांनी ती मालिका बघितलेली नाही त्यांनी तिच्याबद्दल माझ्याशी बोलू नये. आमच्या गल्लीत मात्र न बघितलेल्यांचंच तोंड जास्त चालतं. मेलेली माणसं उठून चालायला लागतात, जिवंतांना चावतात, जग बुडतं आणि उरलेले वीस-पंचवीस जण एका बंद पडलेल्या बसडेपोत पत्रे ठोकून राहतात, एवढं कुणाकडून तरी ऐकायचं आणि नाक मुरडायचं. ह्याच बायका संध्याकाळी सासूनं सुनेच्या दुधात विष कालवलेलं डोळे फाडून बघतात. तिथं कुणाला शी वाटत नाही.

मी मलकापुरात कपडे शिवते. बाहेरच्या खोलीत मशीन आहे, मोबाइल उभा करायला तारेचा एक स्टँड वाकवून घेतलाय, आणि साड्यांना फॉल लावता लावता हिंदीत डब केलेली मालिका चालू असते. सगळे सीझन मी तीनदा बघितलेत. आवडते म्हणून माझे डोळे मिटलेले नाहीत. जग बुडून सात वर्षं झाली तरी नायिकेच्या जॅकेटची एक शिवण उसवत नाही, ह्यावर मी अजून चिडते. कुणीही पाणी भरताना दिसत नाही. माझं माहेर दुष्काळी वडूजचं. माणसं एकत्र राहतायत आणि पाण्यावरून एक भांडण नाही, हे कुणी सांगितलं तर मी मुडदे चालतात ह्यावर आधी विश्वास ठेवीन.

पण त्या मालिकेत एक धुणंवाली आहे. म्हातारी, जाडजूड, कुणाशी धड न बोलणारी. बाकीचे लोक मुडदा दिसला की डोकं फोडतात आणि पुढं जातात. ही प्रत्येकापाशी खाली बसते, कमरेचं फडकं ओलं करते आणि त्याचं तोंड पुसते. लोक तिच्यावर ओरडतात की पाणी वाया घालवतेस, जीव धोक्यात घालतेस. ती ऐकून घेते आणि कान सुद्धा पुसून काढते. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी मशीन थांबवलं होतं. ज्यानं हे लिहिलं त्यानं कधीतरी मयताला हात लावलेला असणार, एवढं मला तेव्हाच कळलं.

कारण ते काम मीही करते. आमच्यात बाईमाणूस गेलं की तिला शेवटची आंघोळ बायकाच घालतात. त्याला गुसल म्हणतात. चारी बाजूंनी पडदे धरायचे, बोरीचा पाला टाकून पाणी उकळायचं, आधी उजवं अंग, मग डावं, शेवटच्या पाण्यात कापूर. केसांच्या तीन वेण्या. आईनं मला हे सगळं शिकवलं, पण शिकवताना पाण्याच्या आधी तोंडाची गोष्ट सांगितली. पडद्याआड अंगावर जे दिसेल ते पडद्याआडच ठेवायचं. डाग असो, जखम असो, चेहरा कसाही झालेला असो, नवऱ्याला सांगायचं नाही, घरच्यांना सांगायचं नाही. मयतानं आपल्यापाशी सोपवलेली ती अमानत, ठेव असते. पाणी कमी पडलं तर चालेल, पण तोंड सुटलेलं चालणार नाही.

माझी खाला, म्हणजे आईची थोरली बहीण, आमच्याच गल्लीत चार घरं सोडून राहायची. अंगणात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती कॉटला खिळली. तिची एकुलती लेक, माझी मावसबहीण, तिला आम्ही आपा म्हणतो, शिराळ्याहून येऊन आईपाशी राहिली. आपानं आईचं सगळं केलं, खोटं कशाला बोलू. पण करताना ती दहा जणांना ऐकू जाईल असं करायची. आणि तिच्या तोंडात एकच माणूस असायचा, तिचे अब्बा. खालाचा नवरा जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. कॉटच्या समोरच्या भिंतीवर त्यांचा मोठा फोटो. माझ्या अब्बांनी कधी आवाज चढवला नाही, माझ्या अब्बांसारखा माणूस होणे नाही. शिराळ्यात आपाच्या नवऱ्याला तर ते रोज जेवणाबरोबर वाढलं जायचं.

दुपारी आपा झोपली की मी मोबाइल घेऊन खालाकडे जायचे. एकदा ती म्हणाली, काय बघतीस ते मलाबी दाव. मला वाटलं घाबरेल. तिनं पूर्ण भाग शांतपणे बघितला, भटकणाऱ्या त्या गर्दीकडे बोट केलं आणि म्हणाली, "ह्यास्नी कुणी आंघोळ घातली न्हाई गं. म्हणून हिंडत्यात."

मालिकेबद्दल ह्याच्यापेक्षा शहाणपणाचं मी काही ऐकलेलं नाही, आणि ते शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईनं सांगितलं. त्यानंतर आम्ही रोज एक भाग बघायचो. धुणंवाली आली की खाला उशीवर सरकून बसायची. तिसऱ्या सीझनच्या शेवटी ती मरते हे मला ठाऊक होतं, पण खाला विचारायची तेव्हा मी सांगायचे की ती शेवटपर्यंत जगते.

आपा एकदा मध्येच उठून आली. पडद्यावर नेमका एका मुडद्याचा हात तुटून पडत होता. मरणाच्या दारात असलेल्या बाईला मी असलं घाणेरडं दाखवते, कलमा म्हणायच्या वयात तिचं मन नासवते, असं ती गल्लीला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलली. मीही काही कमी बोलले नाही. शेवटी खालाच म्हणाली की मला बघायचंय, तू झोप जा. आपानं ते मला कधी माफ केलं नाही.

थोड्या दिवसांनी आपाला दोन दिवस शिराळ्याला जावं लागलं, तेव्हा खालाला आंघोळ मी घातली. लेकीसमोर ती कधी कपडे उतरवायची नाही, आतल्या आत स्वतःच अंग पुसून घ्यायची; माझ्यापुढं मात्र तिनं ते उतरवू दिले. आणि तिच्या अंगावर काय होतं ते मला दिसलं. काय होतं, कुठं होतं, ते मी इथं लिहिणार नाही. इतकंच की जुनं होतं, आणि पडून झालेलं नव्हतं. खालानं माझा चेहरा बघितला. मग भिंतीवरच्या फोटोकडे न बघता म्हणाली, "मी गेल्यावर गुसल तूच घालायचं. लेकीला आत येऊ द्यायचं न्हाई. तिचा बाप तिला जसा आठवतोय तसाच ऱ्हाऊ दे."

मी तिचा हात हातात घेऊन हो म्हटलं. तिनं आपाला आणि शेजारणींनाही सांगून ठेवलं की गुसल हीच घालेल. कारण सांगितलं नाही.

आणि मग मी माती खाल्ली.

ईदचे कपडे शिवायला आले होते. खोलीत चार-पाच बायका, मोबाइलवर मालिका चालू, मी एका सुनेच्या कुर्त्याचं माप घेत होते. त्यातली एक बोलली की मुडद्यांचे चेहरे अगदी खरे वाटतात. झालं, माझ्या मालिकेबद्दल कुणी काही बोललं की मला राहवत नाही. मी म्हटलं, कुठले खरे, सगळ्यांचे जबडे मेल्या मेल्या लोंबतात आणि पाहिजे तेव्हा मिटतात. तसं नसतं. लगेच फडकं बांधावं लागतं. दवाखान्यात कुणी बांधलं नाही आणि जबडा ताठला की काही केल्या तोंड मिटत नाही. मागच्याच आठवड्यात बघितलं मी.

मागच्याच आठवड्यात. बोलले आणि बोटांखालचा खांदा ताठ झाला. त्या आठवड्यात मी गुसल घातलेलं, दवाखान्यातून आणलेलं मयत एकच होतं, आणि ते ज्या घरचं होतं त्या घरचीच सून माझ्यासमोर माप देत उभी होती. सासूचं तोंड उघडं राहिलं होतं हे त्यांनी कफनाची घडी वर ओढून साऱ्या गल्लीपासून लपवलं होतं. तिनं माझी टेप खांद्यावरून उचलली, मशीनवर ठेवली आणि कापड घेऊन गेली.

मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तिनं ऐकून घेतली, पाणी दिलं नाही. तिचं बरोबरच होतं. पण बाकीच्यांचं काय होतं? ज्यांच्या घरातल्या गोष्टी माझ्या पोटात वर्षानुवर्षं पडून आहेत, त्याच बायका आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणायला लागल्या. बोलायला घेतलं असतं तर अर्ध्या गल्लीला मान वर करता आली नसती. पुढं गल्लीत दोन मयतं झाली, दोन्ही वेळा गुसल घालायला कराडहून बाई आणली. मी दारात उभी राहून जनाजा बघितला.

सगळ्यात जास्त आनंद आपाला झाला. ती खालासमोरच म्हणाली की आता हिचा हात तुला लागू देणार नाही. खाला तेव्हा फार बोलू शकत नव्हती. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. ती नजर मला अजून सहन होत नाही.

खाला सकाळी नऊच्या सुमाराला गेली. मी मशीन सोडलं, परसातल्या बोरीचा पाला ओरबाडून पदरात घेतला आणि गेले. मागच्या अंगणात चादरी बांधून झाल्या होत्या. चुलीवर पाणी होतं. कराडची बाई बाह्या सारत होती. आपा चादरीच्या तोंडाशी उभी होती आणि अंगणात गल्लीतल्या बायका बसल्या होत्या.

"तू भाईरच थांब," आपा म्हणाली.

मी म्हटलं, खालानं मला सांगितलंय. तुम्हा सगळ्यांसमोर सांगितलंय.

"का सांगितलं तिनं तुलाच? लेक हाय मी तिची. मी का न्हाई? सांग की."

अंगणातल्या बायकांनी माना माझ्याकडे वळवल्या. सांगायचं कारण एका वाक्याचं होतं. ते बोलले असते तर कदाचित आत गेले असते, पण ज्याच्यासाठी आत जायचं तेच उरलं नसतं. आणि नाही बोलले तर आपा आत जाणार आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. दोन्हीकडून खालाचा शब्द मोडत होता. कसा मोडायचा एवढंच माझ्या हातात होतं. मी पाला आपाच्या हातात दिला आणि बाजूला झाले.

"आजच बरं कुलूप लागलं तोंडाला," ती म्हणाली आणि आत गेली.

मी नळापाशी उभी राहिले. खरं सांगते, त्या घडीला मला आपाचा इतका राग आला होता की बघू दे हिला, असंही मनात येऊन गेलं. मग लगेच खालाची ती नजर आठवली आणि स्वतःची किळस आली. आतून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज येत होता. उजवं अंग झालं असेल, मी मनात मोजत होते. आता डावं. आता पाठ धुवायला कुशीवर वळवतील.

पाण्याचा आवाज थांबला.

बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कराडची बाई हळू काहीतरी बोलली. मग पाणी पुन्हा ओतलं जायला लागलं, आधीपेक्षा हळू, थोडं थोडं. थोड्या वेळानं चादर सरकली आणि आपा बाहेर आली. कोपरापर्यंत हात ओले, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बायका कान टवकारून होत्या.

"तुला म्हाईत हुतं," ती म्हणाली.

"काय म्हाईत हुतं?" मी म्हटलं.

तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. मी नजर हलवली नाही. ती तशीच उभी राहिली, ओले हात अंगापासून लांब धरून. मग एका हातानं चादर बाजूला केली आणि धरून ठेवली.

"केस तू विंचर तिचं," ती म्हणाली.

मी आत गेले. खालाच्या केसांच्या तीन वेण्या घातल्या. जबडा कुणीतरी वेळेवर बांधला होता. कापराचं पाणी आपानं ओतलं, मी पाठीखाली हात धरला, आणि कराडच्या बाईनं कफन उलगडलं.

ह्यावर आपा आणि मी गळ्यात गळे घालून रडलो असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. तिला मी अजूनही आवडत नाही आणि मलाही ती आवडत नाही. मालिका ती आजही घाणेरडी म्हणते. मी धुणंवाली मरते तो भाग नंतर एकटीनं पुन्हा बघितला. शेवटी तिचं स्वतःचं तोंड पुसायला कुणी नसतं. ते लिहिणाऱ्यावर मी तेव्हापासून नाराज आहे.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणासाठी मोठी भांडी द्यायला मी खालाच्या घरी गेले. कॉट काढून टाकली होती. समोरच्या भिंतीवर नुसता खिळा होता आणि फोटोच्या मापाचा पांढरा चौकोन. एक शेजारीण आपाचं सांत्वन करत होती की आता आईही अब्बांपाशी गेली, असा देवमाणूस पुन्हा होणे नाही. आपानं तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

मी खाली बसले आणि भांडी मोजायला लागले.