दात दाखवू नकोस, कोमल!

कॅम्प चार या आमच्या वस्तीतल्या सेंटरचे किस्से मी सांगायला लागले की आमचे पास्टर म्हणतात, "टीचर, रिपोर्टपण एवढ्या आवडीने लिहीत जा!" आता काय करणार? रिपोर्ट डोकं खाजवून लिहावा लागतो, किस्से आपणहून अंगावर येतात. चर्चच्या मागे दोन खोल्या, वर पत्रे, आत कलकलाट. परदेशातला एकेक स्पॉन्सर इथल्या एकेका मुलाचं शाळा-दवाखान्याचं बघतो. त्याला वर्षातून एकदा मुलाचा फोटो जातो. सगळे घोळ त्या फोटोपायीच होतात.

* * *

फोटोचा दिवस म्हणजे आमच्या आयांना घरचं लग्न! एका वर्षी एकाने मामाच्या रिसेप्शनचा मरून ब्लेझर घालून फोटो काढला. रांगेत त्याच्या मागे उभा असलेल्याला तो आवडला. मग त्याच्या मागच्यालाही आवडला. ब्लेझर रांगेत मागे मागे सरकत राहिला. कुणाला घट्ट, तर कुणाला थेट गुडघ्यापर्यंत. मी म्हटलं, जाऊ दे, फोटो वेगवेगळ्या देशांत जाणार, कुणाला कळतंय?

हेड ऑफिसला कळलं. मॅडमचा फोन आला, "अभिनंदन! युनिफॉर्म सुरू केलात, छानच. फक्त टेलर बदला!"

* * *

कोमल मात्र दरवर्षी फोटोत मयताला आल्यासारखा चेहरा करून उभी. गुदगुल्या केल्या, चॉकलेट दाखवलं, पास्टरांनी माकडासारख्या उड्या मारल्या. पोरगी ढिम्म! शेवटी तिच्या आईला, शोभाताईला बोलावलं. ती जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जाते.

"टीचर, मीच सांगितलंय तिला," शोभाताई म्हणाली. "हसली तर त्या स्पॉन्सर बाईला वाटेल, पोरगी मजेत आहे. मदत बंद केली तर काय करू मी?"

स्पॉन्सर मिळाला नसता, तर कोमल शाळा सोडून आईशेजारी धागे कापायला बसणार होती. शोभाताईची भीती खरी होती, मला हसावं की रडावं कळेना. पास्टरांनी तिला बसवून समजावलं, की मुलं हसावीत म्हणूनच तर ही माणसं मदत करतात. शोभाताईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. उठता उठता लेकीला म्हणाली, "बरं, हस. पण दात दाखवू नकोस!"

* * *

कोमलची स्पॉन्सर म्हणजे कुठल्यातरी बर्फाळ गावातली एक आजी. तिने स्वतः विणून स्वेटर, टोपी आणि हातमोजे पाठवले. पार्सल पोचलं ऐन मे महिन्यात! भेट मिळाली की ती घालून फोटो पाठवायचा, असा आमच्याकडे नियम. कोमलला सगळं चढवलं आणि पत्र्याखाली उभं केलं. घामाने निथळतेय बिचारी, आणि दात दाखवायची बंदी म्हणून ओठ घट्ट मिटलेले.

आजीचा काळजीचा निरोप आला, "मुलीला थंडी बाधलेली दिसते." पाठोपाठ आणखी जाड स्वेटर आला. त्या हातमोज्यांनी शोभाताई अजून गॅसवरची कढई उतरवते.

* * *

प्रार्थनेच्या वेळी मुलं आपापल्या स्पॉन्सरचा फोटो समोर ठेवतात. छोट्या साहिलचे स्पॉन्सर अंकल फोटोत गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालून उभे होते. साहिलने डोळे मिटले. "प्रभू, अंकलना नवीन पँट दे. स्वतः फाटकी घालतात आणि माझी फी भरतात." सगळा वर्ग हळहळून म्हणाला, "आमेन!"

कोमलला न्यायला आलेली शोभाताई दारातून ओरडली, "अरे, ती महागवाली असते! आमच्या कारखान्यात मुद्दाम फाडतात!"

साहिलने क्षणभर विचार केला, पुन्हा डोळे मिटले. "प्रभू, मग अंकलना थोडी अक्कल दे."

* * *

कोमल बारावी झाली, नर्सिंगला जायचं म्हणत होती. पुढचा खर्च उचलायचा की नाही, हे आजीवर होतं. आणि त्याच वर्षी आजी स्वतःच भेटायला आली! शोभाताईची झोप उडाली. टीव्ही शेजारच्या सिंधी काकूंकडे गेला, कूलर समोरच्या वहिनींकडे. जुना फ्रिज काही दारातून निघेना. मग त्यावर लाल कापड घातलं, वर गणपती ठेवला आणि शेजारी आम्ही नाताळला दिलेलं येशूचं कॅलेंडर.

आजी आली, देव्हारा समजून हात जोडून उभी राहिली. तेवढ्यात आतून घर्रर्र झालं आणि गणपती थरथरायला लागला! आजीने एक डोळा उघडला, हळूच कापड वर केलं.

"सेकंडहँड आहे हो!" शोभाताई रडकुंडीला आली. "बर्फसुद्धा धड होत नाही!"

मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं. आजीने शोभाताईचा हात धरला. म्हणाली, "बरं झालं बाई! एवढ्या उकाड्यात पोरीला गार पाणी तरी मिळतं. मी उगाच स्वेटर पाठवत बसले." शोभाताईला रडू फुटलं. आणि कोमल खो खो हसत सुटली, चांगली दात दाखवून! फोटो काढायचं काही मला सुचलं नाही.

* * *

कोमल आता बदलापूरच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. नोकरीत जरा स्थिरावल्यावर आईला घेऊन सेंटरवर आली. म्हणाली, "टीचर, मला एक मूल स्पॉन्सर करायचंय."

आम्ही चामटोली गावातल्या एका चिमुरडीचा फोटो तिच्या हातात ठेवला. पुढचे दोन दात पडलेले आणि हसू अगदी कानापर्यंत! कोमल बघतच राहिली, तिचे डोळे भरून आले. माझेही आले.

शोभाताईने तिच्या हातातून फोटो घेतला. चष्मा लावला. जवळून पाहिला, लांबून पाहिला. मग लेकीला जरा बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाली,

"अगं, ही तर हसतेय! नीट चौकशी केलीस ना?"