जबलपूर ते पुणे, मुंबईवरून

जावयाचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. पुण्यात आमच्या मुलीला तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या. पहिलटकरीण. डॉक्टर म्हणत होते, रात्रीपर्यंत होईल.

पाचच मिनिटांत त्यानं मोबाइलवर दोन तिकिटं शोधून पाठवली. जबलपूरहून दिल्ली, तिथून पुणे.

"नको," मी म्हणालो. "आम्ही मुंबईला उतरतो, तिथून टॅक्सीनं येतो."

"बाबा, पुण्यापर्यंत विमान असताना रस्त्यानं कशाला?"

हिलाही पटलं नाही. "काहून उलटं करून राहिले तुम्ही? विमान जाते ना पुण्याले?"

रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात माझी तीस वर्षं गेली. गाडी किती वेगानं धावते यापेक्षा ती कुठं किती वेळ उभी राहते, हे मी आधी बघतो. दिल्ली म्हणजे पुण्याच्या नेमकी उलट दिशा, आणि तिथं साडेतीन तास नुसतं बसायचं. दवाखान्यात पोचायला रात्रीचे दहा. मुंबईचं विमान दुपारी बाराला, पावणेदोन तासांचं. पुढं सामान, टॅक्सी आणि रस्ता मिळून पाच तास धरले तरी दिवेलागणीला पुणं. हे सगळं मी कागदावर मांडून हिला दाखवलं. तिनं कागद बघितला नाही, माझ्याकडं बघितलं.

"पक्कं ना?"

"पक्कं."

ती बॅग भरायला उठली.

विजय नगरहून डुमन्याच्या विमानतळावर आम्ही दहालाच पोचलो. विमान वेळेवर सुटलं. मुंबई जवळ आली आणि ते घिरट्या घालू लागलं. खाली तोच समुद्र दुसऱ्यांदा दिसला, तेव्हा हिनं माझा हात धरला.

"काय झालं हो?"

"काही नाही. खाली रांग आहे. गाडी स्टेशनाबाहेर आउटरला थांबते ना, तसं. इथं थांबता येत नाही, म्हणून फिरून राहिलं."

पस्तीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात हिशेब दोनदा तपासला. दिल्लीपेक्षा अजूनही अडीच तास हातात होते.

घाट येईपर्यंत ही टॅक्सीवाल्याला "भैया, जरा जल्दी" म्हणत होती. घाटात मात्र तीच म्हणाली, "भैया, आराम से."

सव्वासातला आम्ही दवाखान्याच्या दारात होतो. मुलीला अजून लेबर रूममध्ये नेलं नव्हतं. घामानं चिंब झालेली ती पोर आईला बघून रडायलाच लागली.

"आई! रस्त्यानं दहा तरी वाजतील, म्हणत होते ना हे?"

"तुझ्या बाबांनी आणलं," ही म्हणाली आणि पदरानं तिचं कपाळ पुसत खाटेवर बसली.

पाऊण तासानं तिला आत नेलं. तोवर हिनं तिचा हात सोडला नाही. नऊ वाजायच्या आत नात झाली. जावई बाहेर येऊन माझ्या पाया पडला. मी त्याला उठवून जवळ घेतलं.