कासारमावशीचा अंगठा

कासारमावशी माणूस तोंडावरून ओळखत नसे, हातावरून ओळखे. पदर ओढून उभी असलेली बाई कुणाची सून, सासरी पोटभर खायला मिळतं की नाही, हे ती मनगट हातात घेऊन सांगायची. केजच्या आसपासच्या दहा-बारा गावांत ती बांगड्या भरायला जाई. "हात सैल सोड माय, दागिना काढून घ्याया आले न्हाई," असं म्हणत उजव्या अंगठ्यानं ती तळहाताचा सांधा असा दाबायची, की घट्टातली घट्ट बांगडी कळ न लागता चढे.

माझ्या लग्नाचा चुडा तिनंच भरला. बिजवराला दिलेली मी, लग्न देवळात चार माणसांत उरकलं. तीन वर्षांत नवरा तापानं गेला आणि पदरात एक मुलगी राहिली. तेरावा होतो न होतो तोच माझे थोरले दीर, म्हणजे आमच्या गावचे पाटील, चावडीवर म्हणाले, "ही लग्नाची न्हवं, ठेवलेली हाय." त्यांना आमचं घर आणि विहिरीजवळचं शेत हवं होतं. लग्न लावणारे भटजी नेमके तेव्हाच काशीला गेले. पाटलांना मी अजून अहो-जाहो करते. ती सवय आहे, आदर नाही.

मी फिर्याद केली, तेव्हा केजच्या कचेरीत मावशी कुणी न बोलावता आली. तहसीलदारांपुढं उभी राहून म्हणाली, "हिचा हिरवा चुडा म्या भरलाय, ह्या हातानं. आन नवरा मेला तवा ह्याच पाटलाच्या बायकूनं हिच्या बांगड्या फोडल्या. ठेवलेलीच्या बांगड्या कुनी फोडतं का सायेब?"

कचेरी हसली. पाटील लाल झाले. "लई शानी हाय, तर उचल म्हनावं बेलभंडार!"

आमच्याकडे ती शेवटची साक्ष. खंडोबापुढं उजव्या हातात बेल आणि भंडारा घेऊन शपथ घ्यायची. सहा महिन्यांत शपथ घेणाऱ्याला काही झालं, तर शपथ खोटी. तहसीलदारही म्हणाले, गावची रीत आहे, सहा महिने थांबू. मावशीनं ज्येष्ठात बेल उचलला, भंडारा कपाळाला लावला आणि निघून गेली.

चौथ्या महिन्यात तिच्या उजव्या अंगठ्याचं टोक सुजलं. लालबुंद, गरम, आणि नाडीसारखं उडणारं. पू झाला असेल म्हणून न्हाव्यानं वस्तरा लावला. पू नव्हताच. रक्ताची चिळकांडी उडाली, ती राख आणि हळद दाबूनही थांबेना. पाटलांना एवढंच हवं होतं. ते दारोदार सांगत सुटले, "ज्या हातानं बेल उचलला, त्योच हात देवानं धरला." आठवडाभरात बायकांनी मावशीकडून बांगड्या भरणं सोडलं.

आणि मी? माझं लग्न झालंय हे मला ठाऊक, तरी एका दुपारी मी तिला विचारलं, "मावशी, तुझ्या हातून दुसरं काही पाप घडलं होतं का?" तिनं मला सणसणीत शिवी हासडली. ती माझ्या वाट्याची होती, मी निमूट घेतली.

मग ती बोलली. दोन वर्षांपासून तिच्या लघवीतून मधूनमधून रक्त जात होतं, कुशीत दुखत होतं. हकीम मुतखडा समजून पुड्या देत होता. हे बाईमाणसानं कुणाला सांगायचं, म्हणून ती गप्प राहिली होती. मी तिला गाडीत घातलं आणि तीन दिवसांच्या वाटेवर, इंग्रजांच्या मुलखातल्या मिशनच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या मडमेनं अंगठा पाहायच्या आधी पोट चाचपलं. उजव्या कुशीत कवठाएवढी गाठ लागली. पुढं अंगठा कापावा लागला. त्याचा तुकडा भिंगाखाली पाहून मडम म्हणाली, "रोग गुर्द्याचा, मूत्रपिंडाचा आहे बाई. तिथून रक्तात उतरतो आणि कुठंही जाऊन रुजतो. बहुतेक छातीत, हाडांत जातो. अंगठ्यात गेलेला मीही पहिल्यांदाच पाहिला."

मी औषध विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. मावशीनं मात्र दुसरंच विचारलं, "म्हंजी ह्यो रोग बेल उचलायच्या आदीचा हाय?"

"कितीतरी आधीचा."

मरणाची खबर घेऊन परतताना मावशी गाडीत हसत होती. "चल, आता बघ त्याला कसा धरते."

मडमेनं लिहून दिलेला कागद पाटलांनी वाचूनही घेतला नाही. "देव मडमेच्या कागदावर चालतो व्हय?" एवढंच म्हणाले. मावशीनं चंपाषष्ठीची वाट पाहिली. त्या दिवशी अख्खा मुलूख खंडोबाला लोटला होता. तोवर तिच्या डोक्यातही, केसांखाली, तसलीच एक उडणारी गाठ आली होती. भर गर्दीत तिनं पदर काढला, हाताची पट्टी सोडली आणि पाटलांपुढं उभी राहिली.

"पाटील, मडम म्हनती ही गाठ गुर्द्याची, तुमी म्हनता देवाची. चला, तुमचंच खरं. देव असा हातात बसून निवाडा करतो न्हवं? मंग आता तुमी उचला. म्हना, ही लग्नाची न्हवती."

पुजाऱ्यानं ताट पुढं केलं. पाटलांनी हात उचलला, तो भंडाऱ्यावर वीतभर येऊन थांबला. त्यांची नजर मावशीच्या चार बोटांवर होती.

"काहून थांबलात?" मावशीनं विचारलं.

पाटलांनी कोरडाच हात धोतराला पुसला. "आज अंगात कसर हाय," असं पुटपुटून ते मागं सरले. आधी एक म्हातारी हसली, मग सगळ्या बायका हसल्या. इतकं गोड मी आयुष्यात दुसरं काही ऐकलं नाही, माझ्या नातवाचं रडणंही नाही.

पंधरा दिवसांत घर आणि शेत माझ्या मुलीच्या नावावर झालं. मावशी संक्रांत उलटून महिनाभर जगली. दुखणं फार होतं. शेवटच्या दिवसांत पाटलीणबाई खडीसाखर घेऊन आल्या. गावात पाटलांना तोंड दाखवणं कठीण झालं होतं. "एवढं माफ केलं म्हना," त्या म्हणाल्या. मी विरघळले होते. मावशीनं डोळे उघडले.

"माफ केलं म्हनू? मरताना खोटं बोलाया लावता व्हय?"

खडीसाखर परत गेली. चौथ्या दिवशी मावशी गेली, माझ्या हातात हात ठेवून.

त्यानंतर मी वर्षानुवर्षं वाट पाहिली. पाटलांच्या अंगावर कुठं काही उगवतं का, ते पाहत राहिले. साधं गळूही झालं नाही. तूपभात खाऊन, दात शाबूत असताना, म्हातारपणी ते झोपेत गेले. मडमेचंच खरं होतं. रोगाला शपथा कळत नाहीत, आणि देव माझं काम करणार नव्हता. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी लेकीकडून अक्षरं शिकले आणि हे लिहिलं. पाटलांचे नातू आता शाळा शिकले आहेत. त्यांना वाचता येतं.