हसनच्या वाळूवर खुर्च्या

हसन गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी रडलो नाही, चिडलो. चैत्रातल्या रविवारी खाडीच्या मुखाशी, त्याच्या पक्षी निरीक्षण केंद्रावर मला बोलावून ठेवलं आणि स्वतः शुक्रवारीच निघून गेला... यजमानानं असं वागायचं असतं?

शाळेपासूनचा दोस्त. गेल्या चैत्रात त्यानं मला तिथे दिवसभर उन्हात भाजून काढलं. समोर उत्तरेकडे परतायच्या तयारीतले कुरव हे समुद्रपक्षी, आणि पायापुढच्या वाळूत चिखल्या हा वीतभर पक्षी. घरटं नाहीच, उघड्यावर वाळूच्याच रंगाची अंडी! मी कौतुकानं पुढे सरसावलो, तर मादी पंख मोडल्यासारखी लंगडत दुसरीकडे निघाली. मी तिच्या मागे.

"अरे खुळ्या, तुका अंड्यांपासून लांब नेवक नाटक करता ती! आणि तुझ्यापरास बरा करता," हसन खेकसला. गावच्या रंगमंचावर जन्म काढलेल्या माणसाला!

"निदान अंड्यांभोवती दोरी तरी बांध," मी म्हटलं.

"दोरी बांधली की लोक बघूक येतत. माका म्हायत आसा मां, बस झाला."

अंड्यांच्या जागा फक्त त्याच्या डोक्यात. त्या घेऊनच तो गेला.

मग गावानं मोठ्या प्रेमानं शोकसभा ठेवली. कुठे? हसनच्या लाडक्या वाळूवर! मी पोचलो तेव्हा मांडव, भोंगा, प्लास्टिकच्या खुर्च्या. वक्ता गहिवरून सांगत होता, "हसनभाईंनी पक्ष्यांना जिवापाड जपलं." त्याच्याच पायाशी पिवळा बलक पसरलेला.

मी जो ओरडलो, त्याला भोंगा लागला नाही. सभा उठून उभी राहिली. हसनची बायको, जुबेदावहिनी, माझ्याजवळ आल्या.

"तुका तरी सांगल्यान काय रे, बाकीची खंय आसत ती?"

"नाय गो वहिनी..."

त्यांनी चपला काढल्या. मग सगळ्यांनीच. अख्खा गाव अनवाणी, माना खाली घालून, पावलापुढची वाळू न्याहाळत, खुर्च्या डोक्यावर घेऊन रस्त्याकडे निघाला. मधेच कुणीतरी ओरडायचं, "थांबा, हंय दोन आसत!" आणि मिरवणूक वळसा घ्यायची.

गावावर काय चिडू? त्यांना कुणी सांगितलं होतं? चिडायचं तर त्या हेकेखोरावर. पन्नास माणसं हाताशी होती, विश्वास एकावरही टाकला नाही. माझ्यावरसुद्धा नाही!

आता रोज सकाळी वहिनी त्या वाळूच्या कडेला, त्याच्या जागी बसतात आणि येईल त्याला हाताला धरून अंडी दाखवतात. मी शेजारी बसून हसनला शिव्या घालतो. त्यानंतर एकही अंडं कुणाच्या पायाखाली गेलेलं नाही. हे बघायला हवं होतं त्यानं, गाढवानं.