वायर उपटून पारखलेला डाउनलोड मॅनेजर

कोकिळाताई धरणगावच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत एकोणीस वर्षं शिकवतात. मध्यंतरी त्या संगणक दुरुस्तीवाल्या नवलच्या दुकानात अशा कडाडल्या, की समोरच्या टपरीवरचे लोक उठून आले.

झालं असं. सांकेतिक भाषेतल्या विज्ञानाच्या धड्यांचे व्हिडिओ शाळेला इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे होते. एकेक फाइल तीन-चार जीबीची. ऐंशी-नव्वद टक्क्यांवर आली की लाईट जाई आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. आठवडाभर हेच चाललं. शेवटी नवलने येऊन डाउनलोड मॅनेजर टाकून दिला. "तुटलं तिथून पुढे चालेल," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी कौतुकाने मुलांना संगणकापाशी बसवलं, तर पडद्यावर जुगाराची जाहिरात आणि तिच्यात उघडीवाघडी बाई. ती बंद केली तर दुसरी उगवली. ज्या मुलांचं सगळं लक्ष डोळ्यांत, त्यांच्यापुढे! चौथीतल्या मुली हातांनी विचारू लागल्या, हे काय? ताईंनी मॉनिटरच बंद केला आणि तडक दुकान गाठलं.

"फुकट शे ना म्याडम! बठ्ठा लोके हाईच वापरतस," नवल अहिराणीत म्हणाला; सगळे हाच वापरतात म्हणे.

"फुकट म्हणून काहीही? तू स्वतः उघडून पाहिलंस?"

नवल विषय बदलत हळूच म्हणाला, "पैशांवाला चांगला आहे. त्याचं क्रॅक टाकून देऊ?"

"म्हणजे चोरीचा? शाळेत?"

मग त्या स्वतःच शोधायला बसल्या. एका पानावर 'डाउनलोड'ची तीन हिरवी बटणं, त्यातली दोन जाहिरातींची. "माणसाला फसवायलाच बसलेत मेले!" शेवटी एक सापडला: जाहिराती नाहीत, मोफत, आणि बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवरून मिळणारा. तरी विश्वास कसा ठेवायचा? फाइल लावली आणि निम्म्यावर त्यांनी इंटरनेटची वायरच उपटली. परत जोडली. आकडा एक्कावन्नवरून पुढे सरकला.

चार दिवसांत अकरा धडे आले. पण ताईंचा राग उतरला नव्हता. "आणखी कुठं कुठं टाकलंस ते जाहिरातीवालं?" त्यांनी नवलला विचारलं. पाच ठिकाणं निघाली. रविवारी त्या त्याच्या स्कूटरवर मागे बसून, जुना काढून नवा टाकून घ्यायला, पाचही ठिकाणी गेल्या. पहिल्या दोन ठिकाणी नवलने "व्हायरस आला होता" म्हणून वेळ मारून नेली. तिसऱ्या ठिकाणी, मुलींच्या शिकवणीत, ताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"मी न पाहता टाकलं होतं," तो खाली मान घालून म्हणाला. "चूक माझी."